खबरेचा वाटा

गेनूबाबांनी ओढ्यातून आणलेला चपटा धोंडा ताणकाट्याच्या आकड्याला टांगला, दोन पावलं मागे सरकून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले,

"हां. ही झाली मागली तंगडी."

विराजनं काट्यावरचं वजन वाचलं, धोंडा पोत्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि आपल्या भल्यामोठ्या पाठपिशवीच्या तळाशी बसवला. मग दुसरी तंगडी आली, मग दोन फरे, म्हणजे पुढचे खांदे, मग पाठीचा लांबट धोंडा. मुंडीसाठी मात्र म्हाताऱ्यांना एकही दगड पसंत पडेना. अंगणात मांडलेल्या दहा-बारा दगडांमधून ते काठी टेकत फिरत होते, बाजारात बैल बघत हिंडावं तसे.

ड्यूटीवरून आलेला सोमनाथ फाटकाशी थांबून हे सगळं पाहत होता. त्याच्या अंगावर वनखात्याचा खाकी शर्ट होता आणि पायात खात्याचे बूट. आपल्याच अंगणात आपला ऐंशीला टेकलेला बाप दगडांना तंगड्या आणि फरे म्हणतोय हे ऐकून त्याच्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगायचं तर ती गेले आठ दिवस चुकचुकतच होती.

गुंजवण्यात राजगड चढायला येणाऱ्यांची सोमनाथच्या घरी सोय होत असे. ओटीवर झोपायला जागा आणि त्याच्या बायकोच्या, रतनबाईच्या हातचं पिठलं-भाकरी. लोक शनिवारी येत, फोटो काढत आणि रविवारी दुखरे गुडघे घेऊन परत जात. विराज आला तो महिन्याभरासाठी. चाळिशी उलटलेला, अंगानं काटक, भोरच्या आनंदराव वकिलांचा नातू. अठरा वर्षं अमेरिकेत होता आणि आजोबांच्या वर्षश्राद्धाला आला होता. श्राद्ध उरकल्यावर भोरच्या घरात पंख्याखाली बसायचं सोडून हा माणूस भर मे महिन्यात पाठीवर तीस किलो दगड घेऊन रोज गड चढत होता, उतरत होता आणि पुन्हा चढत होता. कारण विचारलं की सांगायचा, मेंढ्याच्या शिकारीची तयारी.

"मेंढ्याच्या?" रतनबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हो वहिनी. रानमेंढा. तिकडे कोलोरॅडोत उंच कड्यांवर असतो. परवान्यासाठी अकरा वर्षं अर्ज करत होतो, यंदा चिठ्ठी निघाली. पुन्हा या जन्मात निघेल असं नाही."

"आन् येवढं वझं कशाला?"

"तिथं रस्ता नसतो. दोन दिवस चालत आत जायचं, आणि मिळालाच तर सगळं मांस, मुंडी, शिंगं पाठीवरून खाली आणायची. मांस टाकून आलं तर गुन्हा आहे."

रतनबाईनं भाकरी उलटली आणि तितक्याच शांतपणे म्हणाली, "आमच्या दारावनं दर वर्साला धनगरांची मेंढरं जात्यात. येक मेंढा गाठायला कुणाला आकरा वर्सं लागल्याली म्या तरी ऐकली न्हाईत."

सोमनाथच्या मनात तेच होतं. मेंढा म्हणजे पुढच्याच्या शेपटाला नाक लावून चालणारं जनावर. त्यासाठी कोणी डोंगर चढायचा सराव करतं? खोटं बोलायचंच तर माणसानं निदान वाघ म्हणावं. विराजनं मोबाईलवर एक फोटो दाखवला होता, पण मोबाईलात काय, उद्या झाडावर बसलेला हत्तीही दाखवतील. आणि बाकीचं सामान? तीन पायांवर उभी राहणारी लांब दुर्बीण. घडी होणारा बारीक सुरा. पातळ पांढऱ्या कापडाच्या पाच पिशव्या, ज्या त्यानं धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. रतनबाईनं विचारलं तेव्हा म्हणाला, मांस गुंडाळायच्या. भेकराच्या रानात राहायचं, मांसाच्या पिशव्या वाळत घालायच्या आणि विचारलं की साता समुद्रापलीकडच्या मेंढ्याचं नाव सांगायचं. वर गेनूबाबांना रोज सोबत न्यायचं. भेकर कुठं पाणी पितं, वारा कुठल्या घळीतून वर चढतो, चुकलेलं जनावर परत कुठल्या वाटेनं येतं, हे सगळं विचारून घ्यायचं.

आणि म्हातारा सांगत होता, याचंच सोमनाथला जास्त लागत होतं. तेवीस वर्षं गेनूबाबांनी शिकारीचा शब्द तोंडातून काढला नव्हता. आता ते सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चुलीतली राख फडक्यात बांधून घेत. चिमूटभर राख हवेत सोडली की वारा कळतो, ही त्यांची जुनी पद्धत. धुळीतला माग कसा वाचायचा तेही ते विराजला शिकवत: इथं जनावर थबकलं, इथं मान वळवली, इथनं पळालं. माणसाचाही माग तसाच वाचता येतो म्हणत आणि हसत. आपल्या बापाला हसताना बघून सोमनाथला बरं वाटायला हवं होतं. त्याला भीती वाटत होती.

तेवीस वर्षांपूर्वी गेनूबाबा या खोऱ्यातले नावाजलेले शिकारी होते. शिकारीवर बंदी तेव्हाही होती, पण बंदी कागदावर होती आणि भेकरं सुवेळा माचीखाली. मग एका सकाळी खात्याची गाडी आली. माणसं थेट गोठ्यात शिरली आणि वळचणीच्या पेंढ्यात दडवलेली ठासणीची बंदूक घेऊनच बाहेर आली. घर उलथंपालथं केलं नाही, काही नाही. गावानं ओळखलं की खबर अगदी जवळच्या कुणीतरी दिली आहे. शेजारचा चिमाजी त्याच आठवड्यात बांधावरून गेनूबाबांशी भांडला होता. झालं, नाव त्याला चिकटलं. गेनूबाबा तीन आठवडे कोठडीत राहिले, सहा वर्षं भोरच्या कोर्टात तारखा झाल्या आणि शेवटी आनंदराव वकिलांनी त्यांना सोडवलं. गावानं चिमाजीकडचं जाणं-येणं तोडलं ते तोडलंच. फक्त गेनूबाबा कोठडीतून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी चिमाजीच्या ओट्यावर चहाला जाऊ लागले. लोक म्हणाले, म्हातारा मनाचा मोठा. सोमनाथही तसंच म्हणायचा. स्वतः मात्र तो चिमाजीच्या दारात कधी गेला नाही.

खबर सोमनाथनंच दिली होती.

वनमजुरीचं काम मिळतंय का ते बघायला तो वेल्ह्याच्या वनकचेरीत गेला होता, बावीस वर्षांचा असताना. तिथं कामाला आलेल्या पोरांतलं कोणीतरी हसलं, "गेनू शिकाऱ्याचा पोरगा आन् जंगल राखणार?" त्या हसण्यानं त्याची लाज आणि हाव एकदमच जागी झाली. साहेबांपुढं तो एकच वाक्य बोलला, गोठ्याच्या वळचणीला बघा. बंदूक नेतील, बाप शिकार सोडील, आपल्याला काम लागेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बापाला नेतील असं वाटलं नव्हतं. हे त्याचं समर्थन, आणि ते त्याला स्वतःलाही कधी पुरलं नाही.

दगड भरून झाल्यावर विराज ओटीवर आला आणि त्यानं सामानातून लाल नाडीनं बांधलेली एक जुनी फाईल काढली.

"आजोबांच्या कपाटात सापडली. तुमच्या केसची आहे, गेनूबाबा. म्हटलं तुम्हालाच द्यावी."

गेनूबाबांनी फाईल हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि सोमनाथपुढं धरली.

"सोमा, वाच बरं जरा. मला तर त्यातलं ओ का ठो कळत न्हाई."

सोमनाथनं लाल नाडी सोडली. त्यानं पंचनाम्याचा कागद काढला. अक्षरं फिकट झाली होती, पण वाचता येत होती. तो सावकाश वाचू लागला, "सदर दिवशी पंचांसमक्ष झडती घेतली असता, गोठ्याच्या वळचणीस..."

"मध्ये एक ओळ राहिली," विराज त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाला आणि शाळेत धडा वाचावा तसा स्वच्छ आवाजात त्यानं ती वाचली. "'गुप्त बातमीदारामार्फत खबर मिळाल्यावरून.'"

गेनूबाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

"नाव हाय का त्यात?"

"नाही. नाव कधी देत नाहीत. आजोबांनी इथं कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, पण पुसट झालंय."

"मग ऱ्हाऊ दे. पुसलंय ते पुसलंच बरं."

फाईल गेनूबाबांच्या उशाशी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा घरात नसताना सोमनाथनं ती दोनदा उघडली, दारातल्या उजेडात कागद तिरका धरून पाहिला. पेन्सिलीचं पहिलं अक्षर 'स' असावं असं वाटायचं. 'श'ही असू शकलं असतं. शेजारी म्हणायचं असेल. पुढचं काहीच लागत नव्हतं. पण त्या वकिलाच्या नातवाला चांगले डोळे होते, चांगली दुर्बीण होती, आणि घरात राहायला अजून तीन आठवडे होते. हा माणूस नक्की कशाची तयारी करतोय, कुठल्या जनावराच्या मागावर आलाय, हे सोमनाथला आता दोन्ही अंगांनी कळेनासं झालं.

त्याच्या पुढच्या दिवशी तो त्यांच्या मागोमाग गेला.

माचीखालच्या झऱ्याला मे महिन्यातही हातभर पाणी असतं. सोमनाथ पलीकडून वळसा घालून करवंदीच्या जाळीमागं उभा राहिला. पायाखाली ओल होती. समोर शंभर पावलांवर विराज खडकाआड पालथा पडला होता, पाठपिशवी पुढ्यात होती आणि पिशवीवर एक काळी लांब नळी टेकवून त्यानं तिला गाल लावला होता. शेजारी गेनूबाबा उकिडवे बसले होते. त्यांनी राख सोडली. राख त्यांच्याच तोंडाकडे आली, म्हणजे वारा झऱ्याकडून होता, तसे ते समाधानानं मान हलवू लागले. थोड्या वेळानं झुडपातून भेकर आलं. मान खाली घातली, वर केली, पुन्हा खाली घातली. नळी तसूभर सरकली आणि थांबली. गेनूबाबांचे ओठ हलले. भेकर भुंकलं आणि दोन उड्यांत दिसेनासं झालं.

बार झाला नाही. आज माप घेतलं, उद्या बार, असं सोमनाथनं स्वतःला सांगितलं. खात्याच्या माणसाच्या घरातून शिकार झाली तर नोकरी गेलीच, आणि या वयात बाप पुन्हा कोठडीत. ते थांबवायचं तर आधीच थांबवायला हवं. पण त्याला भेकर वाचवायचं होतं, बाप वाचवायचा होता, की फाईल वाचू शकणाऱ्या माणसाला घराबाहेर घालवायचं होतं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. घाईघाईनं तो खाली उतरला, शाळेजवळ जिथं मोबाईलला रेंज येते तिथं उभा राहिला आणि त्यानं वनरक्षक कुमारला फोन लावला.

"कुमारसायेब, घरात पावना हाय. त्याच्या सामानात काय तरी गडबड वाटती."

"नक्की?"

"झडती घ्या येकदा. उद्या सकाळी. आन् आमच्या आबांचं नाव कुठं यायला नको."

"ते सामान बघितल्यावर ठरवू," कुमार म्हणाला.

दिवस मावळताना सगळे जेवायला बसले. गेनूबाबांची जागा दाराशी होती. सोमनाथनं उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेले बूट तिथून दिसत.

"आज कोन्या अंगाला हुतास रं?" त्यांनी विचारलं.

"विंझरच्या अंगाला. जाळरेषा साफ करत हुतो. वणवा पुढं सरकू नये म्हनून."

गेनूबाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला. ते बुटांकडे बघत होते. बुटांच्या कडांना काळी ओली माती होती आणि एका टाचेला करवंदीचं पान चिकटलं होतं.

"विंझरला आवंदा चिखूल लई दिसतोय," ते म्हणाले आणि जेवू लागले.

सकाळी कुमार दोन माणसं घेऊन आला. विराजला राग आला असावा, पण त्यानं तो दाखवला नाही. अंगणात चटई अंथरून त्यानं आपल्या हातानं एकेक वस्तू मांडली. दगड निघाले, पांढऱ्या पिशव्या निघाल्या, सुरा निघाला. काळी नळी निघाली ती चालायची काठी होती. बंदुकीइतकी जड व्हावी म्हणून तिच्यावर शिशाची पट्टी बांधून वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. शेवटी त्यानं प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद कुमारपुढं धरला. कुमारनं इंग्रजी मजकूर सावकाश वाचला. एक नर, ठरलेली हद्द, सप्टेंबरातले ठरलेले दिवस, खाली सरकारी शिक्का. वर कोपऱ्यात चित्र होतं. रुंद छातीचं, राखी रंगाचं जनावर कड्याच्या टोकावर उभं होतं आणि त्याची जाडजूड शिंगं कानामागून वळून पुन्हा गालापर्यंत आली होती.

रतनबाई पदर सावरत पुढं आली आणि बराच वेळ ते चित्र पाहत राहिली.

"ह्यो व्हय त्यो? आवो, ह्याला मेंढा कोन म्हनंल?"

"मराठीत मला दुसरा शब्द सापडला नाही, वहिनी," विराज म्हणाला.

कुमार हसला. रानातल्या जनावरांना त्रास देऊ नका, एवढं बजावून त्यानं कागद परत दिला. "माफ करा, खबर होती म्हणून यावं लागलं." हे बोलताना त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, फक्त सोमनाथकडे पाहायचं टाळलं. आणि गेनूबाबांचं आयुष्य कोण कुठं बघत नाही हे ओळखण्यात गेलेलं होतं.

गाडी गेल्यावर विराज सामान आवरता आवरता म्हणाला, "कुणी दिली असेल खबर?"

"गाव हाय. मान्सं बोलत्यात," गेनूबाबा म्हणाले.

सोमनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतरचे दिवस तो घरात कमी आणि रानात जास्त राहिला. बापानं एकदा दोन शिव्या घालाव्यात, असं त्याला वाटे. बाप बोलेना. विराज आधीसारखाच गड चढत होता, म्हातारा आधीसारखीच राख बांधून घेत होता, आणि रतनबाई आल्यागेल्याला त्या विलायती मेंढ्याचं कौतुक सांगत होती.

जायच्या दिवशी उन्हं उतरल्यावर विराजनं पाठपिशवी अंगणात उलटी केली. घडघडत दगड बाहेर आले.

"हे इथंच राहू द्या, गेनूबाबा. तिकडं आता खऱ्याची पाळी."

"असं सोडून जाऊ नये," गेनूबाबा म्हणाले. "वाटं पाडल्याबिगर कुनी उठत न्हाई."

ते खाली बसले आणि एकेक दगड बाजूला काढू लागले. सोमनाथ रात्रीच्या ड्यूटीवर जायला निघाला होता. ओट्याच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता.

"मुंडी बार टाकनाराची. ही तुमची." त्यांनी सगळ्यांत बोजड दगड विराजकडे ढकलला. "ह्या तंगड्या जनावर उठवायला हाकं घालनाऱ्यांच्या. ह्यो पाठीचा द्येवाचा. आन् ह्यो बारका कुत्र्याचा, त्याला इसरायचं न्हाई."

विराज हसत होता आणि मोबाईलमध्ये लिहून घेत होता. गेनूबाबांनी फऱ्याचा दगड दोन्ही हातांनी उचलला. काठी तिथंच राहिली. दगड छातीशी धरून ते हळूहळू ओट्यापाशी आले आणि तो त्यांनी सोमनाथच्या बुटांशेजारी ठेवला.

"आन् ह्यो खबरंचा."

"खबरेचा म्हणजे?" विराजनं तिकडून विचारलं.

"जनावर कुठं हाय ते ज्यानं सांगितलं, त्याचा वाटा. त्यो रानात आला नसला तरी त्याच्या दारात न्हेऊन द्यायचा. त्यानं सांगितलं नस्तं तर शिकार हुती कुठं?"

सोमनाथच्या हातातली नाडी तशीच राहिली. गेनूबाबा पुन्हा वळले, दुसऱ्या फऱ्याचा दगड घेऊन आले आणि पहिल्याला लावून ठेवला. दगडानं दगडाला लागून आवाज झाला.

"आणि हा कुणाचा?"

"त्याचाच. मागल्या बारीचा ऱ्हायला हुता."

विराजनं तेही लिहून घेतलं आणि रिकाम्या पिशवीचे पट्टे आवळायला लागला. सोमनाथ त्या दोन दगडांकडे पाहत राहिला. खबर कुणाची ते ठाऊक असून तेवीस वर्षं चिमाजीच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बसणारा आपला बाप त्याला आत्ता पहिल्यांदा दिसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

गेनूबाबांनी रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, धोतराला पुसले, काठी शोधून हातात घेतली.

"चिमाजीकडं च्याला चाललोय," ते फाटकापाशी थांबून म्हणाले. "येतूस का?"

सोमनाथनं एका बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि दोन्ही बूट काढले. आपल्या चपला कुठं ठेवल्यात ते त्याला चटकन आठवेना.